ओनेयदाच्या घरातला तो माणूस

एल हिकारो,
२ मार्च १९९७

प्रिय अबनेर,

मीर्ना आणि पोरं बरी असतील. इकडे मी बरी, इरिस बरी, गिरणी चालू आहे. आता पुढचं वाचायला नीट बस.

फुटबॉलच्या मैदानाशेजारी तुमच्या पंथाच्या लोकांनी भला मोठा तंबू ठोकलाय. ‘जिवंत झरा’ असं काहीतरी नाव आहे. झावळ्यांच्या रविवारपर्यंत रोज संध्याकाळी सभा आहे. कर्णे एवढे मोठे की गिरणी चालू असली तरी त्यांचं हालेलूया दगडांच्या वरताण ऐकू येतं. मला त्याचं काही नाही. मी कॅथलिक ती कॅथलिकच राहणार. तू तिकडे गेलास तेव्हा मी चार दिवस बोलले आणि सोडून दिलं. पण गुरुवारी मका उकडायला लागणारा चुना घेऊन बाजारातून येत होते, तेव्हा कर्ण्यावर नाव ऐकलं. भाऊ सेल्विन मातुते, एके काळचा खुनी, आज देवाच्या नजरेत नीतिमान.

आपला सेल्विन. आपल्या बहिणीचा नवरा. ज्याने तिला कोयत्याने तोडलं तो.

तो सुटलाय हे आपल्याला माहीत होतं. तुरुंगात बाप्तिस्मा घेतला, वागणूक चांगली, म्हणून मंडळीच्या लोकांनी रदबदली करून लवकर सोडवला, हे तूच लिहिलं होतंस. मला वाटलं होतं कुठेतरी केळीच्या मळ्यात जाईल, मरेल. आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले, चुन्याची पिशवी मांडीवर घेऊन. पांढरा शर्ट, टाय, केसांना तेल. अंगाने भरलाय. आवाज कमावलाय, हे मान्य करायला हवं. मंचावरून इकडून तिकडे फिरत सांगत होता की तो मळ्यातून दमून घरी आला, दार ढकललं, तर त्याच्या पलंगावर त्याच्या बायकोसोबत परका माणूस. मग सैतानाने त्याच्या हातात कोयता दिला. तो माणूस खिडकीतून पळाला आणि ती सापडली.

मग त्याने तिचा आवाज काढला, अबनेर. बारीक, नाकातून. ‘सेल्विन, माझं चुकलं, मला मारू नकोस.’ गुडघ्यावर बसून, हात जोडून, ती कशी विनवत होती ते करून दाखवलं. माझ्या शेजारची बाई मीठ लावून कच्चा आंबा खात होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने चघळता चघळता आमेन म्हटलं.

तंबूच्या मागे तळलेल्या केळ्यांची गाडी असते, तिच्या शेजारी मी ओकले.

घरात कोणी माणूस नव्हता. ओनेयदाने त्या सकाळी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, इरिसला, माझ्याकडे पाठवलं होतं, कपड्यांच्या गाठोड्यासकट. दुपारच्या बसने मीही येते, असा निरोप होता. तिचा ओठ कितीदा फाटला होता हे तुलाही माहीत आहे. तिचं प्रेत आणायला मीच गेले होते. पलंगावर तिचे दोन झगे होते, घडी घातलेले, आणि अर्धी भरलेली पेटी. दुसरं काही नव्हतं.

तू पाळक आहेस. मला समजेल असं सांग. हा माणूस नीतिमान कसा?

तुझी ताई,
एदुविहेस

---

ला सेइबा,
१५ मार्च १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र मी चर्चमध्ये बसून दोनदा वाचलं. मीर्ना जेवायला बोलवायला आली तेव्हा उठलो. ओनेयदा माझीही बहीण होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि माझी खरी आई तीच, हे तू जाणतेस.

तू विचारलंस म्हणून सरळ लिहितो. नीतिमान हा शब्द ऐकला की तुझ्या डोळ्यांसमोर चांगला माणूस येतो. आमच्याकडे त्याचा अर्थ तो नाही. कोणीच चांगला नाही, यावरच सगळं उभं आहे. मजुरी केली की तिचा मोबदला मिळतो, तसं नीतिमत्त्व कमावता येत नाही. प्रभूने वधस्तंभावर जे केलं ते माझ्यासाठी केलं, एवढं माणसाने धरून ठेवलं की देव त्याला आपल्यापाशी नीतिमान धरतो. तो तसा आहे म्हणून नाही, तसा नाही तरीही. हे सेल्विनच्या बाबतीत खोटं असेल तर माझ्याही बाबतीत खोटं आहे, आणि मग मी कुठे जाऊ? मी गेली बारा वर्षं हेच शिकवतो. दारुड्यांना, बायका सोडून गेलेल्यांना, चोरांना. त्यांच्यातले काही सुधारले. काही नाही सुधारले, तरी मी तेच सांगतो.

तू ऐकलेल्या गोष्टीबद्दल. कर्ण्यातून शब्द फाटून येतात. शिवाय तू आधीच चिडून आत गेली होतीस. साक्ष देताना माणसं वाहवत जातात हे मी पाहिलंय, तो एखादं वाक्य जास्त बोलला असेल. पण इतक्या लोकांसमोर उभं राहून ‘मी खुनी आहे’ म्हणायला किती लागत असेल याचा विचार कर. ताई, हा कडवटपणा तुलाच आतून खाईल. त्याला क्षमा करणं त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

इरिसला सुट्टीत इकडे पाठव. समुद्र बघून येईल. माझी पोरं तिची वाट बघतात.

प्रभू तुझं रक्षण करो.

तुझा,
अबनेर

---

एल हिकारो,
२४ मार्च १९९७

अबनेर,

माझे कान शाबूत आहेत. तोंडाचं बोळकं झालेले म्हातारे माझ्या गिरणीत पुटपुटतात तेसुद्धा मला ऐकू येतं.

तू मला तुझ्या चर्चमधल्या बायकांना लिहितोस तसं लिहू नकोस. कडवटपणा मला खाईल म्हणतोस. मला आधी माझं जेवण खाऊ दे, तेच खाली जात नाहीये. पवित्र आठवडा लागला, पाकात घोळलेल्या पावाचे तुकडे तळले तेही पोरीने तोंडात घातले नाहीत. का ते सांगते.

शाळेत सगळ्यांना कळलंय. सेल्विनने मंचावर मुलीचं नाव घेतलं. माझी एकुलती लेक याच गावात आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा, म्हणाला. दुसऱ्या दिवशी एका पोरीने इरिसला विचारलं की तुझ्या आईचा तो यार कोण होता ग, आमच्या ओळखीतला का. इरिस घरी आली, दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, “मावशी, मग माझे बाबा कोण? हा, की तो दुसरा?”

पंधरा वर्षांची आहे ती. आईचा चेहराही तिला नीट आठवत नाही. आता जे आठवायला मिळालंय ते हे.

मी तिला सांगितलं की दुसरा कोणी नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं लहानांना बरं वाटावं म्हणून बोलतात तेव्हा पोरं बघतात तशी.

आणि शनिवारी, इरिस बाहेर गेली होती तेव्हा, तो माझ्या घरी आला. सोबत त्यांच्यातल्या दोन बायका, एकीच्या हातात गोड पावांची पिशवी. तिचं नाव एल्विरा, माझ्याकडेच मका दळते. मी दार अडवून उभी राहिले, तरी ते हळूहळू आत आलेच, ही माणसं अशीच आत येतात. त्याला अत्तराचा वास येत होता. हात मऊ झालेत. त्याच हाताने तो माझा हात धरायला बघत होता. भगिनी एदुविहेस म्हणाला. मी म्हटलं, मी तुझी भगिनी नाही, माझी भगिनी तू पुरलीस.

त्याचं म्हणणं असं की शेवटच्या सभेला मी आणि इरिसने मंचावर यावं. मी क्षमा केली असं म्हणावं आणि इरिसने त्याला मिठी मारावी. एल्विरा म्हणाली, त्याने साक्ष पूर्ण होईल. लग्नात केक कापायचा राहिला असावा, तसं म्हणाली.

मी विचारलं, तो माणूस कोण होता? नाव सांग. तो आधी म्हणाला की ते सगळं जुन्या सेल्विनचं आहे, जुना सेल्विन मेला, मेलेल्या माणसाबद्दल विचारू नका. मी म्हटलं, “तू कुठे मेलास? मेली ती.” मग बायका पाव ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा तो खालच्या आवाजात मला म्हणाला, “हे बघ ताई, लोकांना कारण लागतं. काहीच नव्हतं असं सांगितलं तर त्यांना कळत नाही. ऐकवत नाही त्यांना.”

असं म्हणाला. शांतपणे. मक्यात खडे का निघाले हे दुकानदार सांगतो तसं.

ते गेल्यावर तो बसला होता ती खुर्ची मी अंगणात नेऊन राखेने घासली. पाव डुकरांना घातले. आम्ही मंचावर गेलो नाही. काल तंबू उठला. जाताना कर्ण्यावर सांगत होते की आता पुढचं गाव, आणि मग ला सेइबा.

ला सेइबा, अबनेर. तुझ्या गावात. तुला माहीत होतं का?

एदुविहेस

---

ला सेइबा,
२० एप्रिल १९९७

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हतो. लिहायला बसायचो आणि उठायचो.

मला माहीत होतं. तुझं पहिलं पत्र येण्याच्या आधीच ठरलं होतं. मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या सणाच्या आठवड्यात सेल्विन आमच्याच चर्चमध्ये साक्ष द्यायला येणार आहे. प्रदेशाच्या समितीचे प्रमुख भाऊ रोसेन्दो यांनी कळवलं, तेव्हा मी हो म्हणालो. माझ्या मनात तेव्हा काय होतं तेही लिहितो. मला वाटलं, ज्याने माझ्या बहिणीला मारलं त्याला मी माझ्या व्यासपीठावर जागा देतोय, हे लोकांना दिसेल. केवढी मोठी क्षमा, असं लोक म्हणतील. मागच्या पत्रात मी तुला हे कळवलं नाही. तुझी समजूत घालून झाली की मग कळवू, असं ठरवलं होतं.

तुझं पत्र मीर्नाने वाचलं. त्या दिवशी माझं ताट वाढून ती दुसऱ्या खोलीत जेवायला गेली.

मी रोसेन्दोंकडे जाऊन म्हणालो की कार्यक्रम रद्द करा. त्यांनी मला कॉफी पाजली. म्हणाले, भाऊ अबनेर, या साक्षीने शेकडो माणसं प्रभूकडे आली. तुरुंगातल्या पोरांनी चाकू आणून मंचावर ठेवले. तुमच्या घरच्या दुःखासाठी तो झरा बुजवायचा का? मी म्हणालो, त्यात एक गोष्ट खोटी आहे. ते म्हणाले, क्षमा तर खरी आहे ना.

मला तिथे उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही. पण तेव्हापासून मला अन्नाचा वास नको झालाय, आणि तू ओकलीस असं लिहिल्यावरही मी तुझी जी समजूत घालत होतो ती आठवली की स्वतःचीच किळस येते.

मी हजर राहून माझ्या कानांनी ऐकेन. त्याआधी त्याच्याशी एकट्याने बोलेन. याहून जास्त वचन आज देता येत नाही.

अबनेर

---

एल हिकारो,
९ मे १९९७

अबनेर,

थोडक्यात लिहिते, बायका रांगेत उभ्या आहेत.

इरिस तुझ्याकडे यायचं म्हणते. समुद्र बघायला नाही. तो तिथे असताना. मी नको म्हटलं, रागावले, मग रडलेसुद्धा. ती म्हणाली, “मावशी, तू ऐकलंस. गावाने ऐकलं. मी सोडून सगळ्यांनी माझ्या आईचा आवाज ऐकलाय.”

पुढच्या शुक्रवारच्या बसने तिला बसवते. उतरवून घ्यायला तू स्वतः जा, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. तिला मंचावर चढवलंस तर तू माझा भाऊ नाहीस.

आणखी एक. हे कोणाला सांगू नकोस. परवा दळताना मला वाटून गेलं की खरंच कोणी असेल का. असता तर मला सांगितलं असतं का ओनेयदाने. मी ते झगे डोळ्यांनी पाहिलेत, तरी असं वाटलं. घाण अशी असते बघ. ज्याने फेकली तो पुढच्या गावी जातो आणि आपण आपलेच हात हुंगत बसतो.

एदुविहेस

---

ला सेइबा,
२२ मे १९९७

प्रिय ताई,

इरिस बरी आहे. हे आधी लिहितो. ती माझ्या पोरांबरोबर किनाऱ्यावर गेलीये आणि सकाळी तिने तीन अंडी खाल्ली. परवाच्या बसने तिला पाठवतो.

आता झालं ते सांगतो.

सेल्विन सभेच्या दिवशी दुपारी आला. मी त्याला चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात जेवायला बसवलं आणि बायकांना बाहेर जायला सांगितलं. भात, घेवडा, तळलेला मासा. तो नीट जेवला. मी त्याला म्हणालो की माझ्या चर्चमध्ये तो परका माणूस येणार नाही. बाकी जे सांगायचं ते सांग. तो म्हणाला, मग माझ्याकडे उरतं काय? घरी आलो, बायको पेटी भरत होती, मी तिला मारलं, एवढंच? असल्या माणसाला मंचावर कोण चढू देईल? त्याचं कोण ऐकेल?

ताई, रोसेन्दोंसमोर जे सुचलं नाही ते मला तेव्हा सुचलं. मी म्हणालो, “ज्याच्यावर तुझा विश्वास आहे म्हणतोस, त्याने ऐकलंय ना? कारण असलेल्या खुन्याला माफ करायला देव कशाला हवा, ते चार शेजारीही करतात. तू विश्वासाने नाही, सबबीने नीतिमान ठरायला बघतोयस.”

त्याने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला की पाळक, हे फार खोल झालं, लोकांना एवढं लागत नाही.

संध्याकाळी चर्च भरलं होतं. बाहेर रस्त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. इरिस मीर्नाशेजारी, तिसऱ्या बाकावर. आपल्या लेकीला तो ओळखतही नव्हता. त्याने सुरुवात केली. दमून घरी आलो. दार ढकललं. परका माणूस. मी पुढेच बसलो होतो, त्याच्या बुटांना लावलेल्या पॉलिशचा वास येत होता, इतका जवळ. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने तो आवाज काढला. तू लिहिलं होतंस तसाच, नाकातून. ती कधीच तशी बोलत नव्हती. तिचा आवाज तर जाडा होता. माझ्या मंडळीतली माणसं, ज्यांना मी नावानिशी ओळखतो, ज्यांच्या लेकरांना मी आशीर्वाद दिलाय, ती पुढे झुकून ऐकत होती, कोंबड्यांची झुंज बघतात तशी. तारण एकीकडे राहिलं, त्यांना तो पलंग बघायचा होता. दर वेळी असंच असणार, आणि मी दर वेळी हालेलूया म्हणत आलोय.

मी उठायच्या आधी इरिस उठली. ओरडली नाही. तिने विचारलं, “त्या माणसाचं नाव काय?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सेल्विन हसला, म्हणाला, मुली, नाव सैतानाचं. ती म्हणाली, “खिडकीतून पळाला त्याचं विचारते. मी ओनेयदाची मुलगी आहे. तो माझा बाप असेल तर मला नाव माहीत हवं.”

तो रोसेन्दोंकडे बघायला लागला. तेवढ्यात रोसेन्दोंनी वाद्यवाल्यांना खूण केली. ताशा, गिटार, सगळं एकदम सुरू झालं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत गायला लागले. काय झालं ते कळायच्या आत गायला लागले. तो आवाज अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या खोटेपणापेक्षा मला त्या टाळ्यांचीच किळस आली.

मी मंचावर गेलो. माइक बंद केला होता. मी तसाच ओरडून सांगितलं की ओनेयदा माझी बहीण, तिच्या घरात कोणी नव्हतं, हा तिला मारायचा म्हणून ती लेकराला पुढे पाठवून निघाली होती. पुढच्या तीन-चार रांगांना ऐकू गेलं असेल. काहीजण खाली बसले. एका म्हाताऱ्याने मला ‘सूड घेतोस का’ म्हणून हात हलवला. बाकीचे गात राहिले.

नंतर मागच्या स्वयंपाकघरात मीर्ना इरिसला पाणी देत होती, तिथे सेल्विन आला. शर्ट घामाने भिजला होता. तिच्यापासून लांब, चुलीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, कोणी नव्हतं. इरिस म्हणाली, “मला नका सांगू. जिथे उलटं सांगितलंत तिथे जाऊन सांगा. मावशीच्या गिरणीत सगळ्या बायका येतात.” रोसेन्दोंच्या गाडीचा भोंगा वाजला तसा तो निघून गेला.

समितीने मला पत्र दिलंय. पुढचा निर्णय होईपर्यंत मी उपदेश करायचा नाही. वैयक्तिक वैरासाठी उपासना मोडली, असं त्यात म्हटलंय. मीर्ना पुन्हा माझ्यासोबत जेवते.

तू विचारलं होतंस, हा नीतिमान कसा. मी अजून तेच मानतो जे मानत होतो. देव त्याला नीतिमान धरू शकतो. फक्त आता मला कळतं की हे बोलणं किती भयंकर आहे, आणि मी ते बिस्किटासारखं वाटत होतो.

अबनेर

---

एल हिकारो,
६ जुलै १९९७

प्रिय अबनेर,

तो आला होता.

मंगळवारी सकाळी. बाहेर बायकांची रांग, डोक्यावर उकडलेल्या मक्याच्या पाट्या. एल्विरापण होती. मी घमेल्यात पीठ ओढत होते, वर पाहिलं तर दारात हा. टाय नाही, शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. तुझ्या समितीने त्याला काढलं म्हणून आला, की आपणहून आला, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. शोधणारही नाही.

तो बोलायला लागला. गिरणी चालू होती, नुसते ओठ हलताना दिसत होते. मी बंद केली नाही. बोलू दे दगडांशी, म्हटलं. तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला. पुन्हा काही ऐकू आलं नाही. इरिस कोपऱ्यात पाट्या धूत होती. माझ्याकडे बघत होती, पण बंद कर म्हणाली नाही. कोणीच म्हणालं नाही. माझं मलाच करायचं होतं ते. त्याच्यासाठी हात उचलायचा, बटण दाबायचं, आणि त्याला बोलायला शांतता द्यायची. माझ्या हाताला ते किती जड गेलं हे तुला सांगून कळणार नाही.

मी बंद केली.

तो म्हणाला, “ओनेयदाकडे कोणी नव्हतं. कधीच नव्हतं. मी तिला मारायचो म्हणून ती निघाली होती. मला ते सहन झालं नाही. ती विनवत नव्हती, ती मला शिव्या देत होती. बाकी सगळं मी रचलं.”

तेवढंच. सैतान नाही, रडणं नाही, प्रभूचं नावही नाही. क्षमा मागितली नाही, आणि ते बरं केलं. उभा राहिला. पेत्रोनाबाई, सगळ्यात म्हातारी, म्हणाली, “झालं? मग बाजूला हो, माझं दळण राहिलंय.” तो बाजूला झाला. थोडा वेळ भिंतीला टेकून उभा होता, मग गेला.

मला वाटलं होतं की हे ऐकलं की मोकळं वाटेल. नाही वाटलं. तोच माणूस, तेच हात. खरं बोलतानाही मला त्याची तितकीच शिसारी आली, किंवा जास्तच, कारण आता तिच्या शिव्याही ऐकू येतात. तो गेल्यावर मी ती भिंत पाण्याने धुतली. मी त्याला क्षमा केलेली नाही, अबनेर, आणि करेन असं तुला लिहिणार नाही.

पण धुताना तुझ्या त्या पत्राचा विचार केला. तो तसा नाही तरीही देव त्याला नीतिमान धरतो, असं लिहिलं होतंस. मी तेव्हा म्हटलं, त्या देवाने सेल्विनला जवळून पाहिलं नसेल. आता वाटतं की पाहिलं असेल. वास घेतला असेल त्याचा. आणि तरीही धरत असेल, तर ते माझ्या पोटात मावणारं काम नाही. ज्याचं आहे त्याने करावं. मी गिरणी बंद केली, माझ्या वाट्याचं तेवढंच झालं.

पुढचं ऐक. मी गिरणी पुन्हा सुरू करायला गेले तर एल्विरा म्हणाली, थांब. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने माफी वगैरे मागितली नाही. म्हणाली, ओनेयदा शाळेत माझ्या बाकावर होती, ती गणितात माझं बघून लिहायची. पेत्रोनाबाई म्हणाली, खोटं, तूच तिचं बघायचीस. कोणीतरी म्हणालं की ती चर्चमध्ये इतक्या जोरात हसायची की पाद्री थांबायचे. कोणी म्हणालं, तिने एकदा सरपंचाच्या गाढवाला तिचा पिवळा झगा घातला होता. तो झगा मला आठवतो, मीच शिवलेला. बायका हसायला लागल्या. दहा वर्षांत या गावात कोणी तिचं नाव काढलं की ते कुजबुजतच काढायचं. रांगेतला मका गार होत होता तरी कोणी घाई केली नाही.

इरिस ओल्या हातांनी मध्ये येऊन उभी राहिली होती. प्रत्येक गोष्ट संपली की म्हणायची, “आणखी?”

माझ्याकडच्या संपत आल्यात. तू तिचा लाडका होतास, तुझ्याकडे जास्त असतील. ती तुला झोपवताना काय करायची, कोणत्या नावाने हाक मारायची, कधी तुला मारलं, कशावरून चिडायची, सगळं लिही. वाईट असेल तेही लिही. पोरगी रोज विचारते, टपाल आलं का.

तुझी ताई,
एदुविहेस